ठळक, तिरपं आणि चौकोनी कंस : विकीवरच्या मांडणीचा आढावा

मराठी विकिपीडियावर नवख्या लोकांनी केलेली संपादनं ओळीने पाहत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माहिती बरोबर असते, शुद्धलेखनही बऱ्यापैकी सांभाळलेलं असतं, आणि तरी पान विस्कटलेलं असतं. एखादा परिच्छेद चौकटीत अडकून पडलेला असतो. शीर्षक म्हणून लिहिलेली ओळ नुसतीच जाड झालेली असते, अनुक्रमणिकेत तिचा पत्ता नसतो. मध्येच कुठे दोन-दोन चांदण्या उघड्या पडलेल्या असतात. मग कुणी जुना सदस्य येतो, घाईत असेल तर सगळं उलटवतो, सवड असेल तर दुरुस्त करतो. नवखा माणूस मात्र ‘हे आपलं काम नाही’ म्हणून निघून गेलेला असतो. विषय त्याला येत होता. अडलं ते मांडणीपाशी.

ही मांडणी शिकवणारी साहाय्यपानं बहुतेक विकींवर आहेत. त्यांत चिन्हांचे तक्ते असतात : डावीकडे काय लिहायचं, उजवीकडे काय दिसेल. तक्ते चुकीचे नाहीत, पण एक गोष्ट त्यांतून कळत नाही. विकीचं पान दोघांसाठी मांडलेलं असतं. एक ते वाचणारा, आणि दुसरा उद्या ‘संपादन’ दाबून त्यात हात घालणारा. छापील पानाला हा दुसरा माणूस नसतो. विकीच्या खुणा अशाच का आहेत, कुठे त्या सोयीच्या आहेत आणि मराठीशी त्यांचं कुठे बिनसतं, हे या दुसऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून पाहिलं तर बरंच उलगडतं.

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रॅमरने २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी लोकांपुढे ठेवली. तिथे येणारे बहुतेक संगणकातलेच, तरी त्याने त्यांना एचटीएमएल लिहायला लावलं नाही. त्या काळी वेबपान करायचं म्हणजे कोनी कंसांतले टॅग उघडायचे आणि आठवणीने बंद करायचे. कनिंगहॅमने त्याऐवजी कीबोर्डवरची साधी विरामचिन्हं कामाला लावली. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन एकेरी अवतरणचिन्हं दिली की अक्षर तिरपं, तीन-तीन दिली की ठळक. चार छोट्या आडव्या रेघा दिल्या की पानभर रेघ. दुवा द्यायचा असेल तर मोठ्या अक्षराने सुरू होणारे दोन इंग्रजी शब्द एकमेकांना चिकटवायचे. ही शेवटची युक्ती देवनागरीत मुळीच चालली नसती, कारण आपल्याकडे मोठी-लहान अक्षरंच नाहीत.

१५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला तो क्लिफर्ड ॲडम्सच्या ‘यूजमॉडविकी’ या सॉफ्टवेअरवर. चिकटवलेले शब्द ज्ञानकोशाला शोभेनात, म्हणून त्याच वर्षी दुहेरी चौकोनी कंसांतला दुवा आला. पुढे माग्नुस मान्स्के आणि त्याच्या मागोमाग ली डॅनियल क्रॉकर यांनी नव्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर २००२ मध्ये वापरात आलं. त्यालाच नंतर ‘मीडियाविकी’ हे नाव मिळालं. मे २००३ मध्ये मराठी विकिपीडिया उघडला तेव्हा कंसांची सोय तयार होती. कंसात कुठल्याही लिपीतला शब्द बसतो. अवतरणचिन्हं मात्र १९९५ पासून आजवर जशीच्या तशी चालत आली आहेत.

त्या चिन्हांमागचं काम जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मीडियाविकी ती एकेका ओळीपुरती सोडवते. '''पुणे''' असं लिहिताना शेवटची तीन चिन्हं टाकायची राहिली, तर ओळ संपते तिथे ठळकपणाही संपतो, खालचं सगळं पान काळंभोर होत नाही. पाच चिन्हं एकत्र आली तर ठळक आणि तिरपं दोन्ही. चार आली तर पहिलं साधं अवतरणचिन्ह मानून उरलेली तीन ठळकासाठी धरली जातात. आणि एकाच ओळीत ठळक आणि तिरपं या दोन्हींच्या खुणांची संख्या विषम निघाली, तर प्रोग्रॅम अंदाज बांधतो : एकाक्षरी शब्दाला चिकटून आलेल्या तीन चिन्हांपैकी पहिली अपॉस्ट्रॉफी असणार, उरलेली दोन तिरप्या अक्षरांची. हा तोडगा फ्रेंच आणि इटालियनसारख्या भाषांच्या कामाचा, कारण तिथे एका अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी देऊन पुढचा शब्द जोडायची रीत आहे. लिहिणारा चुकणारच, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. संगणकशास्त्रातल्या शिस्तप्रिय मंडळींना ती कधी आवडली नाही, कारण तिचं नेटकं व्याकरण मांडता येत नाही. नवख्यांच्या दृष्टीने तोच तिचा गुण.

कोनी कंसांतल्या टॅगना अशी सूट नाही. मोठी, लहान, रंगीत अक्षरं करायला विकीच्या पानात एचटीएमएलचे काही टॅग चालतात, आणि सदस्यांनी आपल्या सह्या रंगवण्यासाठी ते भरपूर वापरले. बंद करायचे विसरलेले टॅग वर्षानुवर्षं ‘टायडी’ नावाचा एक प्रोग्रॅम मागच्या मागे बंद करत असे. २०१८ मध्ये विकिपीडियासकट विकिमीडियाच्या सगळ्या प्रकल्पांवर त्याच्या जागी नवा प्रोग्रॅम आला. तो एचटीएमएलच्या नियमांना अधिक धरून चालतो. आधीच सावध केलेलं असल्यामुळे पुष्कळ पानं अगोदर दुरुस्त झाली होती, पण राहिली त्यांच्यावर एखाद्या जुन्या सहीतला न मिटलेला ‘लहान अक्षर’ टॅग खालच्या सगळ्या चर्चेत पसरला. सह्या करणारे केव्हाच निघून गेले होते, निस्तरणं दुसऱ्यांच्या वाट्याला आलं. रंगाचा आणि अक्षरांच्या आकाराचा मोह नवख्यांनी टाळावा असं मला वाटतं, त्याचं कारण सौंदर्यदृष्टीपेक्षा हे अधिक आहे.

नवखे ज्यात सर्वाधिक अडकतात ती चिन्हं दिसतच नाहीत. एक रिकामी जागा, दुसरी नवी ओळ. शाळेत निबंध लिहिताना परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घ्यायची सवय आपल्याला लागलेली असते. विकीवर ओळीच्या सुरुवातीला एक जरी मोकळी जागा सोडली तरी सॉफ्टवेअर समजतं की हा मजकूर जसाच्या तसा दाखवायचा आहे. मग ती ओळ चौकटीत जाते आणि अक्षरांचं वळण बदलतं. वर्डमधून किंवा पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात अशा जागा हमखास लपलेल्या असतात. नव्या ओळीचं उलटं. एकदा एंटर दाबून लिहिलेल्या दोन ओळी पानावर एकाच परिच्छेदात मिसळतात. परिच्छेद तोडायचा तर मध्ये एक पूर्ण ओळ रिकामी हवी. गद्याला हे सोयीचं आहे. अभंग किंवा ओवी टाकायला गेलं की सगळे चरण एका ओळीत येतात, आणि मग प्रत्येक चरणाला ओळ तोडणारा टॅग लावत बसलेली माणसं दिसतात. त्यासाठी ‘पोएम’ नावाचा एक टॅग आहे. कवितेच्या वर आणि खाली एकेकदा दिला की ओळी लिहिल्या तशा राहतात.

शीर्षकांचा गोंधळ वेगळ्या जातीचा. ओळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन बरोबरची चिन्हं दिली की विभागाचं शीर्षक होतं : == इतिहास ==. तीन-तीन दिली की त्याच्या पोटातलं. एकेक चिन्ह लेखात वापरत नाहीत, कारण ती पायरी पानाच्या नावाची. तरीही असंख्य पानांवर ‘इतिहास’ हा शब्द नुसता ठळक करून सोडलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच वाटतं. सॉफ्टवेअरला मात्र ठळक शब्द म्हणजे केवळ जाड अक्षरं. तो अनुक्रमणिकेत जात नाही, त्याच्याशेजारी त्या विभागापुरतं संपादन करण्याचा दुवा येत नाही, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने वाचणाऱ्या अंध वाचकाला शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारत जाता येत नाही. अक्षर कसं दिसावं याच्याआधी तो मजकूर पानात कोण आहे हे विकीला सांगावं लागतं. शीर्षक, यादी, दुवा, संदर्भ एवढं सांगितलं की दिसण्याचं बरंचसं काम ती स्वतः करते. ओळीच्या आरंभी चांदणी दिली की ठिपक्यांची यादी, फुलीजाळीचं चिन्ह दिलं की क्रमांकांची, आणि मराठी पानावर ते क्रमांक आपोआप देवनागरी आकड्यांत येतात. हाताने १, २, ३ लिहिणाऱ्याला पुढे मधला मुद्दा काढताना सगळे आकडे बदलावे लागतात.

आता मराठीची अडचण. तिच्याबद्दल साहाय्यपानं फारसं बोलत नाहीत, कारण मूळ पानं इंग्रजीतून आलेली असतात. कार्यालयांतून रुजलेल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करणाऱ्याने ठळक करण्यासाठी अवतरणचिन्हाची कळ तीनदा दाबली, तर उमटतं ‘टटट’. चौकोनी कंस उघडायची कळ ‘ड’ देते. बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण आहे, अर्धविरामाच्या जागी ‘च’, तिरक्या रेघेच्या जागी ‘य’. शिफ्ट धरून आठ दाबलं तर चांदणीऐवजी ‘श्र’ येतो. मांडणीसाठी इंग्रजी कीबोर्डवरची कमी लागणारी म्हणून जी चिन्हं निवडली गेली, नेमक्या त्याच कळांवर आपली अक्षरं बसली आहेत, कारण देवनागरीला जागा जास्त लागते. प्रत्येक दुव्यासाठी कीबोर्ड इंग्रजीवर न्यायचा, कंस द्यायचे, परत मराठीवर यायचं, असं शंभरदा करणाऱ्याच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी. फोनेटिक टायपिंग करणाऱ्यांची बहुतेक चिन्हं जागेवर राहतात. विकिपीडियाच्या स्वतःच्या टायपिंगच्या सोयीत कंट्रोल आणि एम एकत्र दाबलं की भाषा बदलते, हे ठाऊक असेल तर हात बराच वाचतो. त्याहून सोपं म्हणजे आधी सगळा मजकूर लिहून काढायचा आणि मग शब्द निवडून संपादनखिडकीच्या वरच्या पट्टीतली बटणं दाबायची.

अवतरणचिन्हांचा आणखी एक घोळ खास आपल्याकडचा. पुष्कळ जण दुहेरी अवतरणासाठी एकेरी चिन्ह दोनदा टाइप करतात. कागदावर फरक कळत नाही, विकीवर मात्र सबंध उद्गार तिरपा होऊन बसतो. उलट वर्ड आणि काही फोन सरळ चिन्हाचं आपण होऊन वळणदार चिन्ह करतात. ते विकीला ओळखता येत नाही, आणि ठळक व्हायचा शब्द तीन-तीन वळशांत गुंडाळलेला राहतो.

दुव्यांना विभक्तीचं वळण आहे. [[मुंबई]]त असं लिहिलं तर कंसाला चिकटलेला ‘त’ही दुव्यात ओढला जातो आणि वाचकाला ‘मुंबईत’ असा अखंड शब्द दिसतो. पण पुण्याचं काय? सामान्यरूपात शब्दच बदलतो, म्हणून [[पुणे|पुण्यात]] असं उभी रेघ घालून लिहावं लागतं : रेघेच्या आधी पानाचं खरं नाव, नंतर वाक्यात हवं ते रूप. सातारा–साताऱ्याला, नाशिक–नाशकात, कोकण–कोकणातून. मराठी वाक्य लिहायचं तर ही उभी रेघ पहिल्याच दिवशी लागते. इंग्रजीत ती उशिरा शिकवली तरी चालते. मराठीच्या कुठल्याही शिकवणीत ती दुव्याच्या पाठोपाठ यायला हवी. नाहीतर लोक [[पुण्यात]] असा दुवा देतात आणि तो लाल होतो, म्हणजे या नावाचं पानच नाही असं सांगतो.

ठळक आणि तिरप्याबद्दल संकेत थोडे आहेत आणि ते पाळलेले बरे. लेखाचं नाव पहिल्या वाक्यात एकदा ठळक करायचं, पुढे नाही. तिरपी अक्षरं ही रोमन मुद्रणाची परंपरा आहे. देवनागरीत ग्रंथनामं तिरपी छापायची जुनी चाल नाही, आपण ती एकेरी अवतरणात टाकतो. बहुतेक देवनागरी फाँटांना स्वतंत्र तिरपं वळण नसल्यामुळे ब्राउझर सरळ अक्षरच कलंडवून दाखवतो, आणि जोडाक्षरं, वेलांट्या, रफार पडल्यासारखे दिसतात. इंग्रजी विकिपीडियाच्या शैलीसंकेतांतही रोमनेतर लिपीतला मजकूर तिरपा करू नये असं सांगितलेलं आहे. मराठी लेखात तिरप्याची गरज क्वचितच पडते, असं माझं मत झालं आहे.

विकी म्हणजे फक्त मीडियाविकी नव्हे, आणि पुष्कळांचा घोटाळा तिथूनही सुरू होतो. आंद्रेआस गोहर याने २००४ मध्ये काढलेली डोकूविकी अनेक संस्थांत अंतर्गत टिपणांसाठी वापरतात. तिच्यात ठळकासाठी दोन चांदण्या, तिरप्यासाठी दोन तिरक्या रेघा. बरोबरच्या चिन्हांचा हिशेबही उलटा : चिन्हं जितकी जास्त तितकं शीर्षक मोठं. त्याच वर्षी जॉन ग्रूबरने मार्कडाउन ही लेखनपद्धत प्रसिद्ध केली. सगळ्या विकींची एकच चिन्हभाषा असावी म्हणून ‘क्रिओल’ नावाचा प्रयत्नही झाला आणि २००७ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती निघाली. ती बऱ्याच सॉफ्टवेअरनी जोडीला ठेवली, पण विकिपीडियाने आपलं सोडलं नाही. लाखो पानं एका पद्धतीने लिहून झाल्यावर पद्धत बदलणं कुणालाच परवडत नाही. दरम्यान मार्कडाउन सगळीकडे पसरलं. व्हॉट्सॲपमध्ये शब्दाला एकेक चांदणी लावून ठळक करायची सवय तर २०१६ पासून घरोघरी पोचली आहे.

त्या सवयी आता विकीवर येऊन आदळतात. मीडियाविकीला ओळीच्या आरंभीची चांदणी म्हणजे यादीचा ठिपका, आणि दोन चांदण्या म्हणजे यादीच्या पोटातली यादी. मार्कडाउनमध्ये फुलीजाळीच्या दोन चिन्हांनी शीर्षक होतं, इथे त्याची क्रमांकित यादी होते. हल्ली एआयकडून लिहून घेतलेला मजकूर थेट चिकटवणारे वाढले आहेत आणि तो मजकूर बहुधा मार्कडाउनमध्ये असतो. चिन्हं उघडी पडलेलं असं पान दिसलं की जुने सदस्य मांडणी दुरुस्त करायच्या आधी मजकूरच संशयाने वाचायला घेतात. त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही.

चिन्हंच नकोत, दिसेल तसं लिहू द्या, ही मागणी जुनी आहे. विकिमीडिया फाउंडेशनने व्हिज्युअल एडिटर तयार केला आणि जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर सर्वांसमोर आणला. तो संथ होता, त्यात दोष होते आणि सदस्यांचा विरोध इतका झाला की सप्टेंबरमध्ये तो मागे घेऊन ‘हवा त्याने चालू करावा’ असा ठेवावा लागला. नंतर तो बराच सुधारला. तक्ता करायला, संदर्भ द्यायला आणि चित्र बसवायला आज त्याच्याइतकी सोपी सोय दुसरी नाही, आणि पहिलं संपादन त्यातच करा असंच मी कुणालाही सांगेन. पण सुरुवातीला सांगितलेल्या, उद्या पानात हात घालणाऱ्या दुसऱ्या माणसाचा त्याला कधीकधी विसर पडतो. व्हिज्युअल एडिटरमध्ये ‘मुंबई’ या दुव्यापुढे ‘त’ टाइप केला की दोहोंच्या मध्ये ‘नोविकी’ नावाचा एक रिकामा टॅग जाऊन बसू शकतो. वाचणाऱ्याला काही कळत नाही, पण स्रोत उघडणाऱ्याला प्रत्येक विभक्तीच्या तोंडाशी तो दिसतो. मराठी, हिंदी पानांच्या स्रोतात हे अवशेष जागोजागी सापडतात. म्हणून व्हिज्युअल एडिटर वापरणाऱ्यानेही अधूनमधून स्रोत उघडून पाहावा.

साचे आणि तक्ते यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. महिरपी कंसांच्या दोन जोड्यांत गुंडाळलेली माहितीचौकट हा साचा असतो. त्यातलं बरोबरच्या चिन्हानंतरचं मूल्य बदलावं, आधीचं नाव तसंच ठेवावं, एवढं पुरतं. तक्त्याचा शेवटचा कंस पुसला गेला तर खालचा लेख तक्त्यात शिरतो. चित्राच्या दुव्यात ‘इवलेसे’, ‘उजवे’ असे मराठी शब्द चालतात, पानाचं पुनर्निर्देशनही मराठीत लिहिता येतं. ही त्या त्या भाषेपुरती केलेली सोय आहे, तिच्या जागी इंग्रजी शब्द वापरले तरी चालतात. विकिस्रोतावर नियमच बदलतात. तिथे छापील पुस्तकाचं पान शेजारी असतं आणि मूळ लेखकाने जे ठळक केलं ते ठळक ठेवायचं असतं, आपली आवडनिवड बाजूला. चर्चापानावर अपूर्णविराम देऊन उत्तर आत सरकवायचं आणि चार तरंगरेघांनी सही करायची ही जुनी रीत. नव्या ‘उत्तर द्या’ बटणामुळे ती आता हाताने करावी लागत नाही. लेखात सही करायची नसते, एवढं मात्र आवर्जून सांगावं लागतं.

सरावासाठी धूळपाटी आहे, आणि जतन करण्याआधी झलक पाहायचं बटण आहे. यांतल्या दुसऱ्या सोयीची शिकवण जास्त मोलाची. झलक पाहणाऱ्याच्या हातून पान सहसा मोडत नाही, आणि मोडलंच तर इतिहासात आधीची प्रत असते.

शेवटचा प्रश्न फोनचा. मराठीत नव्याने लिहायला येणाऱ्या अनेकांकडे फोनच असतो. फोनच्या कीबोर्डवर चौकोनी कंस चिन्हांच्या दुसऱ्या पानावर असतात आणि उभी रेघही तिथेच. दुवा द्यायला मराठीतून आकडे, आकड्यांतून चिन्हं, आणि परत मराठी असा फेरा पडतो. त्यामुळे फोनवरची संपादनं बहुधा एखादा शब्द, एखादा आकडा बदलण्यापुरतीच होतात. फोनवरून सबंध लेख मांडायचाच असेल तर आज दोनच उपाय दिसतात. एक, व्हिज्युअल एडिटर. दुसरा, फोनच्या कीबोर्डमध्ये मजकुराचे शॉर्टकट करून ठेवायची सोय असते तिथे कंसांची जोडी आणि उभी रेघ एखाद्या छोट्या अक्षरजोडीवर बसवून ठेवायची.